नेलपॉलिशची मोहर

काळ्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या इंग्रजी अक्षरांची एकच ओळ होती. सुरू करण्यासारखी सिस्टिम कुठेच सापडली नाही, असा तिचा अर्थ. तिच्याखाली एक बारीक रेघ लुकलुकत होती.

सकाळी याच कम्प्युटरमध्ये मी नवी डिस्क बसवली होती आणि तिच्यावर नवी सिस्टिम टाकली होती. पुस्तकांची पानं लावून देण्याचं माझं काम, ते घरूनच चालतं, आणि जुनी डिस्क फार कण्हायला लागली होती. नव्यावर सगळं झकास चाललं. जेवणानंतर मी जुनी डिस्क काढून टेबलावर ठेवली आणि बटण दाबलं, तर हे. नव्या डिस्कला मी बोटही लावलं नव्हतं.

आमच्या घराण्यात अशा वेळी पहिला प्रश्न ‘काय बिघडलं’ हा नसतो. ‘कोणी केलं’ हा असतो. मनीषनगरच्या या फ्लॅटमध्ये मी आणि बाबा, दोघंच. बाबांचं वय ऐंशीच्या पुढे, कम्प्युटरच्या खोलीत ते वर्षानुवर्षं पाऊल टाकत नाहीत. तरीही मी उठले आणि ते खरंच झोपलेत की नुसते डोळे मिटून पडलेत, हे दारातून बघून आले. मग स्वतःचीच लाज वाटली. पण संशयाचं असं असतं, लाज नेहमी त्याच्या मागून येते.

ती ओळ मी आधी एकदा पाहिली होती. अशीच दुपार होती, अशीच ती रेघ लुकलुकत होती. त्या ओळीने आमच्या घरातून माझा भाऊ नेला होता.

तेव्हा आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा ट्रेझरीत होते. लाखेची कांडी मेणबत्तीवर धरायची, थेंब थैलीच्या गाठीवर पाडायचा आणि तो थंड व्हायच्या आत पितळी मोहर दाबायची, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं. संध्याकाळी ते घरी आले की त्यांच्या शर्टाला एक करपट, गोडसर वास असायचा. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच बाबांना ऑफिसातून येताना असा वास येतो. तिथल्या तिजोरीच्या खोलीला दोन कुलपं असत. एकाची चावी एका साहेबाकडे, दुसऱ्याची दुसऱ्याकडे. दोघं एका वेळी दाराशी आले तरच दार उघडायचं. बाबा याला ‘डबल लॉक’ म्हणत आणि हा शब्द ते अशा आवाजात उच्चारत, की जगात याहून शहाणी गोष्ट माणसाने काढलीच नाही.

“मंग डाळीच्या डब्यालेबी लावा ना तुमचं डबल लॉक,” आई म्हणायची. “एक चावी मले द्या, एक झुरळाले.”

बाबा हसायचे नाहीत. त्यांना ती कल्पना विचार करण्याजोगी वाटत असावी.

कम्प्युटर आणायला आम्ही तिघं सीताबर्डीच्या बाजारात गेलो होतो, बाबा, दादा आणि मी. दादा कॉलेजात होता आणि कम्प्युटरच्या नावाने रोज घर डोक्यावर घेत होता. गल्लीतल्या त्या दुकानात उघडे पत्र्याचे डबे रचलेले होते, नव्या प्लास्टिकचा आणि सोल्डरच्या धुराचा वास होता. दुकानदार समोरच एकेक सुटा भाग जोडून कम्प्युटर तयार करत होता. बाबा स्टुलावर बसून त्याच्या हाताकडे पाहत होते. पापणीसुद्धा लवत नव्हती.

“काका, चाय बोलवू का?” त्याने विचारलं.

“नको.”

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, “काहून नाही म्हटलं बाबा? पाजून राहिला होता ना तो.”

“चहा पाजते अन् मान खाली गेली का पार्ट बदलवते,” बाबा म्हणाले. “तुले काय समजते त्यातलं.”

घरी आल्यावर त्यांनी मला हाक मारली. “तुही ते नखाले लावाची शिशी आण वं.”

माझी नेलपॉलिशची पहिलीवहिली बाटली होती ती, गडद मरून रंगाची. अजून एकाही नखाला लागली नव्हती. बाबांनी कम्प्युटरचा पत्रा उघडला, आतल्या प्रत्येक भागावर एकेक ठिपका दिला, पत्रा परत बसवला आणि पत्र्याच्या सांध्यावर, स्क्रूच्या डोक्यावर जाड थर ओढला. कोणी उघडलं तर थर तडकणार आणि लगेच कळणार. आत काही बदललं तर ठिपका नसणार. लाखेच्या जागी नेलपॉलिश आलं, एवढंच. पिकल्या केळ्यासारखा तो वास खोलीभर पसरला आणि तिथून पुढे आमच्या घरात कम्प्युटरचा वास म्हणजे हाच वास झाला. माझ्या नखांना तो क्वचितच मिळाला.

पुढे त्या एका डब्यात तीन डिस्क झाल्या. पहिली दादाची, ती कम्प्युटरबरोबरच आली होती. दादा सतत काहीतरी भरतो, त्यातून व्हायरस येतो, अशी बाबांची खात्री होती, म्हणून त्यांनी स्वतःसाठी दुसरी बसवून घेतली. मग दोघंही एकमेकांच्या नावाने ओरडतात म्हणून मला आणि आईला मिळून तिसरी छोटी. प्रत्येक डिस्कवर ज्याची त्याची वेगळी सिस्टिम. कम्प्युटर सुरू होताना एक बटण दाबून ठेवायचं, पडद्यावर तीन डिस्क दिसायच्या, ज्याने त्याने आपली निवडायची. एकाच्या सिस्टिममधून दुसऱ्याची डिस्क उघडता येऊ नये, अशी सोयही बाबांनी करून घेतली होती. बाबांच्या डिस्कवर मरून ठिपका, दादाच्या चंदेरी, आमच्या गुलाबी.

“एका घरात तीन चुली,” आई म्हणायची. “लोकायच्या घरात निदान सुना आल्यावर होतात.”

सिस्टिम टाकण्याचं काम रविवारी, आणि बहुतेक वेळा उन्हाळ्यातच यायचं, कारण उन्हाळ्यात कम्प्युटर हटकून रुसायचा. कुलर आणि कम्प्युटर एका लाइनवर चालले की दिवे मंद व्हायचे. त्यामुळे कुलर बैठकीत, आणि त्याचा ओल्या वाळ्याचा वारा आतल्या खोलीत यावा म्हणून दाराला पाट लावलेला. आई तर्री पोहे करायची, ते कम्प्युटरपासून लांब खायचे. सीडी आत गेली की आधी सुं सुं आणि मग डिस्कची कटकट सुरू व्हायची, जात्यात खडा यावा तशी. पडद्यावर इतकी मिनिटं बाकी असं लिहून यायचं आणि ती मिनिटं काही केल्या सरत नसत.

“हे सरकारी मिनिटं दिसतात,” बाबा म्हणायचे. विनोद ते एवढाच करायचे, पण दरवेळी करायचे, आणि दादा दरवेळी हसायचा. त्या दोघांना एकत्र हसताना मी बहुधा तिथेच पाहिलं.

दादाची एक पद्धत होती. ज्या डिस्कवर सिस्टिम टाकायची, ती सोडून बाकी दोघींच्या वायरी तो आधी काढून ठेवायचा. मी एकदा विचारलं, काहून?

“मांडवात एका वेळी एकच नवरदेव पाहिजे,” तो म्हणाला. “दुसरा उभा असला का सीडी गोंधळते. हार भलत्याच्याच गळ्यात पडते.”

मला ते वाक्य इतकं आवडलं, की त्याचा अर्थ विचारायचा राहूनच गेला.

बाबांचं गाव वैनगंगेच्या काठी होतं. होतं असंच म्हणावं लागतं. धरणाचं पाणी चढत येणार हे आमच्या आजोबांच्या काळापासून ऐकू येत होतं, म्हणून कोणाचा विश्वास नव्हता. मग एका वर्षी खरंच घरं रिकामी व्हायला लागली. दादाने मित्राचा डिजिटल कॅमेरा मागून आणला आणि तो आणि बाबा गावाला गेले. परत आले ते दोघंही उन्हाने काळे पडून, आणि कधी नव्हे ते एकाच ताटातून मुरमुरे खात.

गावातल्या एकूण एक दाराचा फोटो त्यांनी काढला होता. दारात बाबा उभे, हात मागे बांधून. निळ्या दारात बाबा, कडी तुटलेल्या दारात बाबा, विहाराच्या ओट्यावर बाबा, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर बाबा. ज्या दारातून आई नवरी होऊन आत आली, तिथेही बाबा, जरा जास्तच ताठ. कॅमेरा दादाच्या हातात. त्याला बोट आवरायचं नाही, त्यामुळे बऱ्याच फोटोंच्या कोपऱ्यात एक गुलाबीसर धुरकट गोळा आला होता. बाबा प्रत्येक फोटोला चिडत होते, “बोट काढ म्हनलं होतं का नाही तुले?” आणि आई पदराने डोळे पुसत एकेक दार ओळखत होती.

फोटो बाबांच्या डिस्कवर गेले. मित्राच्या कॅमेऱ्यातले बाबांनी समोर बसून पुसून घेतले. छापायला स्टुडिओत द्यायची गोष्ट निघाली तर म्हणाले, “तो आपल्याजवळ कॉपी ठेवून घेईन.”

“ठेवली तं ठेवली. कोणाचं काय जाते?” दादा म्हणाला.

“आपलं गाव हाय ते. भलत्याच्या ड्रावरात काहून राहाचं त्यानं?”

  त्या दिवशी बाबांनी पत्र्याच्या सांध्यावर नेलपॉलिशची अख्खी बाटली रिकामी केली.

काही महिन्यांनी बाबांची सिस्टिम अडखळायला लागली. फोटो डिस्कच्या वेगळ्या भागात होते, त्यांना धक्का न लावता सिस्टिम नव्याने टाकता येणार होती. दादाने पेचकस घेतला आणि कम्प्युटर पुढे ओढला.

बाबा मध्ये उभे राहिले. “खोलाचं नाही.”

“बाबा, माही अन् हिची डिस्क मधातून काढतो ना. दोन वायरी तं हायेत.”

“पॉलिश तोडाची नाही म्हनलं ना. आत गाव हाय.”

“अवो, मी का तुमचं गाव खाऊन घेतो का?”

बाबा जागचे हलले नाहीत. दादाने पेचकस खिशात टाकला. “मंग जशी चढन तशी चढन,” तो म्हणाला आणि तशीच सीडी घातली. काही बिघडलं नाही. सिस्टिम बसली, गाव शाबूत राहिलं. फक्त त्या दिवसापासून कम्प्युटर सुरू होताना एक छोटी यादी यायला लागली. तिच्यात दादाची सिस्टिम आणि बाबांची सिस्टिम, एकाखाली एक. मला ते दिसायला छान वाटायचं.

मग दादाला पुण्याला नोकरी लागली. जाताना त्याने आपली डिस्क मागितली. ती त्याच्या हक्काचीच होती. बाबांनी स्वतःच्या हाताने मोहर तोडली, दादाने डिस्क काढली, बाबांनी पुन्हा थर ओढला. दादा गेला. त्यानंतरच्या एका दुपारी बाबा फोटो पाहायला बसले आणि पडद्यावर ती ओळ आली.

आमची डिस्क निवडली तर ती बिनतक्रार सुरू झाली. बाबांची निवडली की काळोख.

“तुमची चालते,” बाबा म्हणाले. “माहीच काहून बंद? हात एकाच माणसाचा आत गेला होता.”

“अवो, पोरगं हाय आपलं,” आई म्हणाली.

“पोरगं हाय म्हनूनच माहीत होतं त्याले का काय पुसलं का मी मरन.”

फोनवर त्यांनी दादाला एवढंच सांगितलं, “तू पुसून गेला.” पलीकडून दादा खूप वेळ बोलत होता. त्यातलं ‘डिस्क माझ्याकडे पाठवा’ एवढंच बाबांच्या उत्तरावरून आम्हाला कळलं. बाबा म्हणाले, “तुह्याकडे पाठवू? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देऊ का मी?” आणि त्यांनी फोन ठेवला.

दुकानात दाखवायचा प्रश्नच नव्हता. बाबांनी डिस्क काढली, जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधली, गाठीवर मरून पॉलिश ओतलं आणि लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात ठेवून दिली. “पुरावा हाय तो,” म्हणाले. कोणापुढे मांडायचा होता, देव जाणे.

गावावर पाणी आलं. आई गेली तेव्हा दादा आला होता, दाराजवळ सतरंजीच्या कडेला बसला, बाबा भिंतीशी. मधल्या जागेतून माणसं ये-जा करत राहिली. दादा आजही मला नेमाने फोन करतो आणि ठेवायच्या आधी विचारतो, “ते कसे हायेत?” बाबा हा शब्द त्याच्या तोंडून मी कित्येक वर्षांत ऐकलेला नाही. मी मात्र कोणा एकाची बाजू कधी घेतली नाही. लोकांना तो माझा समजूतदारपणा वाटायचा. खरं म्हणजे माझा दोघांवरही थोडा थोडा संशय होता.

तर ती ओळ आता माझ्या कम्प्युटरवर आली होती. मी जुनी डिस्क परत लावली. नवी सिस्टिम हसत सुरू झाली. जुनी काढली, काळोख. लावली, सुरू. टेबलाच्या कडेला धरून मी तशीच उभी राहिले. सकाळी सिस्टिम टाकताना मी जुन्या डिस्कची वायर काढली नव्हती, कंटाळा केला होता. मांडवात दोन नवरदेव उभे होते. सिस्टिम नव्या डिस्कवर बसली, पण तिला जागं करणारा इवलासा भाग त्या गोंधळात जुन्या डिस्कवर जाऊन बसला. नव्यातलं काहीही पुसलं गेलं नव्हतं. तिला नुसतं उठवणारं कोणी उरलं नव्हतं.

म्हणजे दादाने काही पुसलं नव्हतं. तो आपली डिस्क घेऊन गेला, आणि बाबांच्या सिस्टिमला उठवणारा भाग त्या डिस्कवर होता. कारण ती टाकताना वायरी काढू दिल्या गेल्या नव्हत्या.

मी दादाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो जराही चकित झाला नाही.

“तुला माहीत होतं?”

“त्याच दिवशी समजलं होतं वं. फोनवर तेच सांगून राहिलो होतो मी त्यायले. त्यायनं ऐकलंच नाही.”

“मग नंतर मला तरी सांगायचं.”

“काहून सांगू?” दादा म्हणाला. “ज्यानं पुसलं नाही त्यानं जन्मभर ते सिद्ध करत बसाचं का?” मग म्हणाला, “माही ते डिस्क तं केव्हाचीच मेली. भंगारात गेली.”

मला त्या क्षणी बाबांचा असा राग आला, की त्यांना झोपेतून हलवून उठवावंसं वाटलं. पण उठवलं नाही. ते उठेपर्यंत चहा केला आणि तो त्यांच्या हातात दिल्यावर त्यांना कम्प्युटरसमोर आणून बसवलं.

ते लक्ष देऊन ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, “हे तुले त्यानं शिकवलं.”

“त्याने नाही. हे बघा.” मी त्यांच्यासमोर डिस्क काढली. काळोख. लावली, सुरू.

“पुन्हा कर.”

पुन्हा केलं. मग त्यांनी मला बाजूला केलं आणि वायर स्वतः काढून पाहिली, स्वतः लावून पाहिली. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि तसाच हातात धरून बसले.

“डबल लॉक झालं होतं,” ते म्हणाले. “एक चावी माह्याजवळ, एक त्याच्याजवळ.”

“हो बाबा.”

“त्या दिवशी खोलू दिलं असतं तं?”

खोटं बोलावंसं फार वाटलं. “तर झालं नसतं,” मी म्हणाले.

त्यावर ते उठून आपल्या खोलीत गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर कपाटाची किल्ली ठेवलेली होती.

इतक्या जुन्या डिस्कची रुंद पट्टीची वायर आजच्या कम्प्युटरला बसत नाही, मधला जोड आणावा लागतो. मी चप्पल घालत होते तेव्हा आतून आवाज आला, “कुठं चालली?” सीताबर्डीला, म्हटलं. “तिथं चहा नको घेजो.”

मेट्रोतून उतरून मी त्याच गल्लीत गेले. ते दुकान आता नाही, तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली आहेत. दोनचार दुकानं फिरल्यावर एकाने खालच्या खणातून जोड काढून दिला. त्याने चहा विचारला नाही, मला उगाच चुकल्यासारखं वाटलं. येताना फुटपाथवरून मी मरून रंगाची एक बाटली घेतली. काम झाल्यावर बाबा पुन्हा मोहर लावायला सांगणार, हे मी धरूनच चालले होते.

धोतराचा तुकडा पिवळा पडला होता. गाठीवरच्या पॉलिशला भेगा गेल्या होत्या, पण ते तुटलेलं नव्हतं. बाबांनी भिंगातून ते सगळीकडून पाहिलं, तेव्हा कुठे गाठ सोडली. डिस्कवर मरून ठिपका होता. तो पाहून त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी नखाने कागदी लेबलाचा कोपरा उचलला. त्याच्याखाली आणखी एक ठिपका होता, टाचणीच्या डोक्याएवढा. तो त्यांनी केव्हा दिला होता, आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

“आपलीच हाय,” ते म्हणाले.

मी जोड लावला. आधी काहीच झालं नाही. मग आतून कुरकुर आली, मग सुं सुं, आणि मग ती ओळखीची कटकट. बाबांनी मान वर केली. तो आवाज ऐकला आणि मला एकदम वाळ्याचा ओला वास आला, दाराला लावलेला पाट आठवला, लांब बसून खाल्लेले पोहे आठवले. हे असं काही होईल याची तयारी मी केली नव्हती.

सिस्टिम उठणार नव्हतीच, तिची चावी भंगारात गेली होती. पण दुसऱ्या भागात सगळे फोटो जागच्या जागी होते. निळं दार उघडलं. दारात बाबा, काळ्याभोर केसांचे, हात मागे.

बाबा पडद्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. “हे तू आता टाकले तं नाही? त्याच्याजवळून मागून?”

“बाबा!” मी ओरडलेच. “अजून? अजूनसुद्धा?”

ते दचकले. हळूच पडद्याकडे वळले आणि बोटाने खूण केली, पुढचा. पुढचं दार. पुढचं दार. कडी तुटलेलं. ओटा. मग बोडीची पाळ, आणि तिच्या कोपऱ्यात तो गुलाबीसर धुरकट गोळा.

“हे पाह्य,” बाबा म्हणाले. “बोट.”

त्यापुढे त्यांनी गावाकडे फारसं पाहिलंच नाही. प्रत्येक फोटो आला की ते खुर्चीतून वाकून कोपरा शोधायचे. बोट असलं की मागे टेकायचे, नसलं की “पुढं चाल” म्हणायचे. आईच्या दाराच्या फोटोत ते बोट सगळ्यात मोठं होतं, चौकटीचा वरचा अर्धा भाग त्याने झाकला होता. तिथे बाबांनी हात पुढे केला आणि पडद्यावरच्या त्या धुरकट गोळ्यावर आपलं बोट टेकवून ठेवलं. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं चिडताहेत.

“सांगून सांगून थकलो होतो मी त्याले,” ते म्हणाले आणि रडायला लागले. मी त्यांना आईच्या वेळीसुद्धा असं रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडले, आणि मग मला त्यांचा राग आलेला आहे हे आठवायचंच राहून गेलं.

संध्याकाळी ते पुन्हा माझ्या खोलीत आले, दाराच्या चौकटीला धरून.

“याची कॉपी निघते का?”

“निघते की. कोणाला द्यायचीय?”

 “पुण्याले पोहचाले किती दिवस लागतात?” एवढंच त्यांनी विचारलं.

मी सगळे फोटो एका पेनड्राइव्हवर उतरवले. फोटो फोनवरूनही पाठवता आले असते, पण तसं काही बाबांच्या हिशेबात गेलेलं धरलं जात नाही. त्यांनी स्वतः पाकीट निवडलं, पेनड्राइव्ह कागदात गुंडाळला, वर जाड अक्षरात दादाचं नाव लिहिलं. फक्त नाव, पत्ता मी लिहिला. पाकिटाची कड त्यांनी अंगठ्याने दाबून घट्ट केली आणि माझ्याकडे सरकवलं.

मी ड्रॉवरमधून नवी मरून बाटली काढली. झाकण उघडताच पिकल्या केळ्याचा तो वास आला. ब्रश मी पाकिटाच्या सांध्यावर नेला.

बाबांनी माझं मनगट धरलं.

“राहू दे,” ते म्हणाले. “घरच्याच माणसाकडं चाललं.”